कॅलिफोर्नियात पहिल्यांदाच एक्झिबिट्स ई-फाइल करताना

पहिल्या ट्रायलची धास्ती वाटणारच, पण एक्झिबिट्स (पुरावा म्हणून द्यायचे कागद) कोर्टात ऑनलाइन दाखल करायचं हे काम नक्की जमतं. स्कॅनिंगला बसण्याआधी तुमच्या न्यायाधीशांच्या सूचना वाचा. नवखे लोक सगळी एक्झिबिट्स सरसकट ई-फाइल करतात. अनेक ठिकाणी फक्त यादी ई-फाइल करायची असते आणि मूळ संच बाइंडरमध्ये किंवा कोर्टाच्या वेगळ्या प्रणालीवर द्यायचा असतो.

मग एवढंच सांभाळा:

- पीडीएफमधला मजकूर शोधता आला पाहिजे.
- प्रत्येक एक्झिबिटला बुकमार्क हवा, त्यात क्रमांक आणि दोन शब्दांचं वर्णन. अर्जांसोबतच्या एक्झिबिट्सना कॅलिफोर्निया कोर्टांच्या नियम ३.१११० नुसार तो लागतोच; ट्रायलच्या संचालाही तीच सवय लावा.
- यादीतला क्रमांक आणि फाइलमधला क्रमांक एकच हवा. ऐन वेळी एक कागद वगळला की पुढचं सगळं सरकतं, म्हणून वगळलेला क्रमांक रिकामाच सोडा.

सर्वात जपायचं ते खाजगी माहितीला. नियम १.२०१ प्रमाणे सोशल सिक्युरिटी आणि बँक खात्याचे शेवटचे चारच अंक दिसू द्यायचे. क्लार्क हे तपासत नाही, जबाबदारी पक्षकारांची आणि वकिलांची. मी सुरुवातीला आकड्यांवर नुसती काळी पट्टी ओढली होती. खालचा मजकूर कॉपी करता येत होता. सहकाऱ्याने वेळेत पाहिलं म्हणून एका माणसाचं खातं उघड्यावर आलं नाही. तेव्हापासून रिडॅक्शन (खाजगी आकडे झाकणं) कायम केल्यावर मी स्वतः तो आकडा शोधून बघते.

मध्यरात्रीपर्यंत मुदत असली तरी दुपारीच पाठवा. फाइल परत आली तर दुरुस्तीला वेळ उरतो.