सासूबाईंचा हात झटकला, आता झोप लागत नाही

प्रश्न: मी ४८ वर्षांची, सांगलीत राहते. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगितलं. त्यांचं सगळं मीच करते, त्यासाठी शिकवण्या बंद केल्या. यजमान दुकानातून रात्री नऊला येतात. दीर पुण्यात, नणंद ठाण्यात. दोघं फोनवरून सूचना देतात. सासूबाई माझ्यावर पाटल्या चोरल्याचा आळ घेतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तेच सांगतात. संध्याकाळ झाली की ‘मला माझ्या घरी सोडा’ म्हणत दाराशी जातात. परवा त्यांनी मला ओढलं, तेव्हा मी त्यांचा हात जोरात झटकला. त्या रडल्या. तेव्हापासून मला झोप नाही. वृद्धाश्रमाचाही विचार मनात आला. मी इतकी वाईट आहे का? – एक सून

ताई,

नाही, तुम्ही वाईट नाही. दोन वर्षं एकही सुट्टी न घेता तुम्ही एका आजारी माणसाला सांभाळताय आणि तुमचा कडेलोट झाला. पण ‘होतं असं कधीकधी’ म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. या वयात तोल चटकन जातो, एका झटक्यात खुब्याचं हाड मोडू शकतं. म्हणून पुढच्या वेळी राग हातापर्यंत येतोय असं वाटलं, की गॅस बंद आहे, बाहेरच्या दाराला कडी आहे एवढं बघा आणि दुसऱ्या खोलीत जा. पाच मिनिटं त्या ओरडल्या तरी चालेल.

आता पाटल्यांचं. या आजारात वस्तू जपून ठेवल्याचं आठवतं, कुठे ठेवली ते आठवत नाही आणि ती पोकळी मेंदू चोरीने भरून काढतो. आळ बहुतेक वेळा त्याच माणसावर येतो, जे दिवसभर आसपास असतं. म्हणजे तुमच्यावरच येणार. ‘मी नाही घेतल्या’ हे पटवून देण्यात तुमची शक्ती घालवू नका, ते पटणारच नाही. ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हणा. खऱ्या पाटल्यांचा फोटो काढून तो दिराला आणि नणंदेला पाठवा, पाटल्या लॉकरमध्ये ठेवा, आणि सासूबाईंच्या हातात बेन्टेक्सच्या घाला. शेजाऱ्यांना आजाराचं नाव सरळ सांगून टाका. यात लपवण्यासारखं काही नाही.

दिवस मावळताना जीव कासावीस होणं हाही याच आजाराचा भाग आहे. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. त्या वेळेला हाताला काम द्या: वाती वळायला, लसूण सोलायला, शेंगा निवडायला. त्यांचं ‘घर’ बहुधा माहेरचं असतं, म्हणून ‘हेच तुमचं घर’ असा वाद न घालता ‘अंगणात काय काय होतं हो?’ असं विचारा. मात्र एखाद्या दिवशी अचानक बडबड वाढली, भास होऊ लागले, तर आजार वाढला असं धरून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता अशी साधी कारणं असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पण ताई, तुमच्या पत्रात मला सर्वात जास्त खटकलं ते दुसरंच. तीन मुलं असलेल्या आईचं सगळं त्या घरची सून एकटी करतेय. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकतो. त्या व्याख्येत सून नाही. खटला भरा असं मी म्हणत नाही. पण हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे मदत मागताना तुमचा आवाज कापणार नाही.

‘कोणी मदतच करत नाही’ असं म्हणू नका, त्यावर फक्त सहानुभूती मिळते. तास मागा आणि रुपये मागा. महिनाभराचा खर्च वहीत लिहा: औषधं, डायपर, डॉक्टर, रिक्षा. रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून दिवसाच्या पाळीची मावशी ठेवली तर किती पडेल, तेही विचारून लिहा. मग रविवारी तिघा भावंडांना एका फोनवर घ्या, आणि वही यजमानांना वाचायला सांगा. त्यांची आई आहे, त्यांनीच बोलायला हवं. दुकान आठवड्यातून एक संध्याकाळ लवकर बंद करून आईजवळ बसणं हेही त्यांच्याच वाट्याचं आहे.

दीर कदाचित म्हणतील, ‘आईला महिनाभर पुण्याला पाठवा.’ आपल्याकडे अशी वाटणी सर्रास होते, पण या आजारात ती बहुधा जाचक ठरते. नवी खोली, नवं न्हाणीघर, रात्री उठल्यावर दरवाजा कुठे ते कळत नाही, गोंधळ दुप्पट होतो. त्यापेक्षा दिराने दोन महिन्यांतून आठ दिवस सांगलीत येऊन राहावं, आणि त्या आठ दिवसांत तुम्ही माहेरी जावं. खरंच जावं. घरात थांबून त्यांना चहा करून देत बसू नका. आठ दिवस आईला न्हाऊ घातलं की फोनवरच्या सूचना आपोआप कमी होतील. नणंदेला येणं जमत नसेल, तर मावशीच्या पगारातला निम्मा वाटा तिने द्यावा.

वृद्धाश्रमाचा विचार मनात आला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की साध्या वृद्धाश्रमांपैकी अनेक जण स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेत नाहीत. चौकशी करताना आजाराचं नाव आधीच सांगा, रात्रीच्या पाळीला किती माणसं असतात ते विचारा, थोड्या दिवसांसाठी ठेवून घेतात का तेही विचारा. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या सरकारी हेल्पलाइनवर अशी माहिती मिळू शकते. वॉकर, कमोडची खुर्ची, एअर बेड विकत घेण्याआधी गावातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात विचारा. अनामत भरून या वस्तू वापरायला मिळतात. आणि सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे दवाखान्यात दाखल होऊन घेतलेले उपचार त्यात येतात. ते आजच काढून ठेवा. ऐन धावपळीत कागद जमवणं फार अवघड जातं.

तुमच्या झोपेचं राहिलं. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. मध्यरात्री छाती भरून आली तर तिथे बोला. तुमचं स्वतःचं बीपी आणि साखर शेवटची कधी तपासली, हे पत्रात कुठेच नाही. या आठवड्यात तपासून घ्या. मावशी मिळाली की शिकवणीची एक तरी बॅच पुन्हा सुरू करा. आधी पैसे आणि वेळ जमू दे असं म्हणत बसलात, तर ते कधीच होणार नाही.

रविवारच्या फोनवर काय ठरलं ते मला कळवा. कोणी टाळाटाळ केली, तर तेही कळवा, पुढचं आपण बघू.