डोंबिवलीचा फ्लॅट विकून गुहागरला जावं का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "मी ६३, पत्नी ६०. मी खासगी कंपनीतून निवृत्त झालो, ईपीएसचं (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन महिना ३ हजार. पत्नी अनुदानित शाळेत शिक्षिका होती, तिचं पेन्शन ३४ हजार. दोघांचे पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे मिळून ६२ लाख बँकेत आहेत. डोंबिवली पूर्वेचा फ्लॅट १९९८ साली घेतला, आता ७८ लाखांचं गिऱ्हाईक आलंय. गुहागरजवळ पालशेतच्या बाजूला, माझ्या आजोळच्या परिसरात, ११ गुंठे जागा मिळतेय, हापूसची २२ कलमं आहेत. जागा, घर, विहीर, गडगा (दगडी कुंपण) सगळं धरून ५८ लाख. उरलेले २० लाख दवाखान्यासाठी. २०१९ मध्ये मला एक स्टेंट बसलाय, मधुमेह आहे. विमा ५ लाखांचा. तिथे महिना २८ हजारांत भागेल. घर विकून घर घेतलं की मिळणाऱ्या आयकर सवलतीमुळे कर लागणार नाही. गिऱ्हाईक दिवाळीपर्यंतच थांबणार. पत्नीची संमती आहे. विकू का?"

नमस्कार. उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. फ्लॅट विकू नका, निदान दोन वर्षं तरी नाही. गुहागरला मात्र जरूर जा. दिवाळीनंतर नको, येत्या जूनमध्ये जा, आणि भाड्याच्या घरात जा.

दिवाळीनंतरचं कोकण कोणालाही आवडतं. हवा कोरडी, रस्ते सुकलेले, समुद्र निळा, ओटीवर बसून चहा. त्या चार महिन्यांत जागा बघून व्यवहार करणारे लोक मी पंधरा वर्षं बघतोय. कोकणाची परीक्षा जून ते सप्टेंबरमध्ये असते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत. कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या कागदांना बुरशी धरते, वाळवी लागते, लाईट गेली की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी नाही. भाजी बरीचशी कुंभार्ली घाट उतरून येते, घाटात दरड आली की बाजारात कांदे-बटाटेच उरतात. यात रमणारी माणसंही आहेत. तुम्ही त्यातले आहात की नाही, ते एक पावसाळा काढल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही. आजोळी मे महिन्यात जाणं वेगळं.

आता पैशांकडे वळू. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ कराची आहे. ती इतकी सरळ नाही. फ्लॅट २००१ च्या आधीचा असल्याने १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं. ते ६ लाख निघालं असं समजू. नफा झाला ७२ लाख. साडेबारा टक्के दराने कर ९ लाख, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ९ लाख ३६ हजार. महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा जुना रस्ताही तुम्हाला खुला आहे, सवलत न धरता तो महाग पडतो, सवलत धरल्यावर कोणता स्वस्त ते सीएकडून काढून घ्या. बरं, सवलत मिळते ती नफ्यातला जेवढा भाग नव्या घरात घालाल तेवढ्यावरच. तुम्ही घालणार ५८ लाख. साडेबारा टक्क्यांच्या रस्त्याने उरलेल्या १४ लाखांवर पावणेदोन लाखांच्या आसपास कर बसतो. म्हणजे तुमचे दवाखान्याचे २० लाख सावधपणे १८ धरा.

त्याहून महत्त्वाच्या दोन अटी दलाल सांगत नाही, कारण त्याला त्याची गरज नाही. बांधकाम तीन वर्षांत पुरं व्हावं लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर गवंडी हात लावत नाही, म्हणजे तीन वर्षांचे प्रत्यक्षात चोवीस महिने. आणि नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर घेतलेली सवलत परत करावी लागते. करमलं नाही, तब्येतीने साथ सोडली, परत यायचं ठरलं, तर नेमकं तेव्हाच कराचं बिल उभं राहणार. पावणेदहा लाखांच्या आतला कर वाचवायच्या घाईत ७८ लाखांचं घर हातचं घालवू नका. एक गिऱ्हाईक गेलं म्हणून डोंबिवलीत दुसरं मिळणार नाही असं काही नाही. उलट बाजू बघा: पालशेतचं घर विकायला काढलंत तर गिऱ्हाईक कोण? तुमच्यासारखाच कोणी मुंबईकर, आणि तो तुमच्या ५८ लाखांच्या हिशेबाने नाही, त्याच्या आवडीच्या हिशेबाने किंमत करणार.

जागेबद्दल. पत्रात तुम्ही कुठेही शेतकरी दाखल्याचा उल्लेख केलेला नाही. आजोळची शेती मामाच्या नावावर असते, भाच्याच्या नाही. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. "नावावर करून देतो, काळजी नको" असं कोणी म्हणालं तर तिथेच काळजी सुरू करा. ती जागा बिनशेती झालेली आहे का, सातबाऱ्यावर किती नावं आहेत, त्यातली किती मुंबईत, किती हयात, फेरफार कधीचे, इतर हक्कांत खाजगी वनाचा शेरा आहे का, वाटेचा हक्क कागदावर आहे की फक्त पायवाट आहे, हे तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलाकडून तपासून घ्या. दलालाने दिलेला वकील नको. समुद्र दिसत असेल तर आणखी एक: भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) येतो, तिथे बांधकामाला वेगळी बंधनं आहेत. सामाईक सातबाऱ्यावर विसार दिलेल्यांचे पैसे सुटायला मी सहा-सहा वर्षं लागलेली बघितली आहेत.

२२ कलमांचं उत्पन्न दलालाने दीड लाख सांगितलं असेल. तुमच्या हिशेबात शून्य लिहा. हापूस दरवर्षी सारखा धरत नाही. मोहराला ढगाळ हवा बाधते, तुडतुडे आणि थ्रिप्स या किडींसाठी फवारण्या लागतात, राखणीला माणूस लागतो आणि वानर कोणाला विचारून येत नाहीत. तुम्ही स्वतः करणार नाही, मग बाग कराराने द्याल. जे येईल ते बक्षीस समजा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने तुमच्या उत्तरेला, दापोली-मंडणगडकडे, वाडीच्या वाडी आडव्या केल्या. नारळ नव्याने लावला तर धरायला सहा-सात वर्षं. वयाच्या ६३ व्या वर्षी झाडांवर प्रेम करावं, उत्पन्नाची भिस्त ठेवू नये.

२८ हजारांत भागेल हा आकडा किराणा, गॅस, वीज एवढाच दिसतो. त्यात पावसाळ्याआधीची शाकारणी किंवा पत्रे-गळतीचं काम नाही, पंप जळणं नाही, खाऱ्या हवेने दोन वर्षांत गंजणारा फ्रिज नाही, इन्व्हर्टरची बॅटरी नाही, बेणणीची (गवत काढण्याची) मजुरी नाही, नारळ पाडणाऱ्याचे पैसे नाहीत. मुख्य म्हणजे गाडी नाही. तिथे गाडीशिवाय औषधही येत नाही. मी ४५ हजार धरतो.

आता दवाखाना, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ताप, जखम, विंचू, साप यांची सोय होते. विंचवाला हसू नका. कोकणातला लाल विंचू एके काळी जीव घ्यायचा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुजवला तेव्हा मृत्यू झपाट्याने कमी झाले. फुरसं हा विषारी सापही तिथलाच, जांभ्याच्या गडग्यात बसणारा. रात्री बॅटरी आणि पायात बूट, एवढं पाळलंत तर ते सांभाळता येतं. तुमचा धोका वेगळा आहे. स्टेंट असलेल्या माणसाच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली तर हृदयाचा दवाखाना गाठायला चिपळूण, ४५ किलोमीटरच्या आसपास, वळणाचा रस्ता. मोठं काही असेल तर त्याहून पुढे सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय. १०८ ची गाडी येते, पण ती कुठून निघते यावर सगळं अवलंबून. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहरच पाण्याखाली होतं. तसा दिवस रोज येत नाही, मान्य. पण तुमच्या हृदयविकाराच्या डॉक्टरांना हा प्रश्न सरळ विचारा: "सव्वा तासाच्या अंतरावर राहिलो तर चालेल?" त्यांचं उत्तर माझ्या सल्ल्यापेक्षा वरचं.

विमा ५ लाखांचा आहे तो सोडू नका. त्यावर १५-२० लाखांचं सुपर टॉप-अप, म्हणजे मूळ विम्याच्या वरच्या खर्चासाठीचा जादा विमा, आजच घ्या, जायचं ठरो न ठरो. आधीच्या आजारांसाठी थांबायची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. आज घेतलंत तर ६६ व्या वर्षी ती संपलेली असेल. अर्जात स्टेंट आणि मधुमेह स्वच्छ लिहा. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढी सवलत आहेच. पत्ता बदलल्यावर कंपनीला कळवा आणि चिपळूण-रत्नागिरीत कॅशलेस कुठे चालतं त्याची यादी घरात फ्रिजवर चिकटवून ठेवा. रेशनकार्ड सांभाळा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पांढरं कार्डही चालतं. ७० पूर्ण झाल्यावर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, पण त्याला अजून सात वर्षं आहेत.

एक घरची गोष्ट सांगतो. माझे आईवडील गिरगावातली खोली देऊन कुडाळच्या बाजूला राहायला गेले. आठ वर्षं छान गेली, खोटं कशाला बोलू. मग एका श्रावणात बाबा शेवाळलेल्या पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण पुढचे चार महिने माझ्या ठाण्याच्या वन बीएचकेत सहा माणसं होतो, बाबा हॉलमध्ये पलंगावर. त्यांना सगळ्यात लागलं ते हाड मोडल्याचं नव्हतं, "मुंबईत आता आपलं काही नाही" हे होतं. म्हणून मी तुम्हाला फ्लॅट विकू नका म्हणतोय. या सल्ल्यात थोडा मुलगा मिसळलाय, तो वजा करून वाचा.

वजा करूनही आकडे असे आहेत. तुमच्या पद्धतीने गेलात तर हातात ६२ अधिक १८, म्हणजे ८० लाख. दोघांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३०-३० लाख टाकले तर ८.२ टक्क्यांनी महिना ४१ हजार पडतात. उरलेल्या २० लाखांचे साडेसहा टक्क्यांनी साधारण ११ हजार. पेन्शन ३७ हजार. एकूण ८९ हजार. माझ्या पद्धतीत फ्लॅट १७ हजारांनी भाड्याने द्या. एखादा महिना रिकामा, सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर वगळून १२ हजार हातात धरा. वर्षभराने तिथेच राहायचं पक्कं झालं तर बिनशेती छोट्या तुकड्यावर ६०० फुटांचं घर, सगळं मिळून २८ लाखांच्या आत. उरलेल्या ३४ पैकी २५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, त्याचे १७ हजार. ९ लाख ठेवीत, फक्त दवाखान्यासाठी, त्याचं व्याज धरायचंच नाही. पेन्शन ३७ हजार. एकूण ६६ हजार. तुमच्यापेक्षा २३ हजार कमी. ही रक्कम छोटी नाही आणि मी ती लपवत नाही. पण खर्च ४५ धरला तरी २१ हजार शिल्लक राहतात, आणि ७८ लाखांचं घर तुमच्याच नावावर, स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर.

शेवटचं, आणि हे तुमच्या पत्नीसाठी. सगळ्या पत्रात ताईंबद्दल एकच वाक्य आहे: "संमती आहे." संमती आणि हौस यात फरक असतो, शिक्षिकेच्या नवऱ्याला तो कळायला हवा. त्यांना गाडी चालवता येते का? शेजार किती अंतरावर? तुम्ही आधी गेलात तर ११ गुंठ्यांत त्या एकट्या राहतील का? आणि त्या आधी गेल्या तर ३४ हजारांच्या जागी कुटुंब निवृत्तिवेतन येईल, ते बरंच कमी असेल. यातल्या प्रश्नांची उत्तरं ताईंनी स्वतः लिहून पाठवावीत, तुम्ही सांगून नव्हे.

आता करायचं एवढंच. गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हणा. गुहागर शहरात, दवाखान्याच्या आणि एसटी स्टँडच्या जवळ, ११ महिन्यांच्या करारावर घर बघा. ६-७ हजारांत मिळायला हरकत नाही. डोंबिवलीतला फ्लॅट पहिले सहा महिने रिकामाच ठेवा, भाड्याचे पैसे गेले तर जाऊ देत, परतीची वाट मोकळी असू दे. मूळ कागदपत्रं तिकडे नेऊ नका, ती डोंबिवलीच्या लॉकरमध्येच बरी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचा आणि एक वही घाला: लाईट किती तास गेली, किती वेळा चिपळूण झालं, किती खर्च झाला, आणि ताई किती दिवस समुद्रावर फिरायला गेल्या. ऑक्टोबरात ती वही मला पाठवा, मग जागेचं बोलू.