वायर लावली की वायफाय का बंद पडतं?

प्रश्न : काका, मी हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. तीन दिवस घरून काम करते. ऑफिसच्या लॅपटॉपला राउटरची वायर लावली की वायफाय आपोआप बंद होतं, हाताने चालू करायला गेलं तरी होत नाही. शिवाय दिवसातून चार-पाचदा वायफायची खूण मधूनच झळकते, व्हीपीएन (कंपनीच्या जाळ्याशी जोडणारी सुरक्षित वाट) तुटतं आणि मी मीटिंगमधून बाहेर. आयटीवाले म्हणतात, पॉलिसी आहे. भाऊ म्हणतो, बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ती काढून टाकू. काढू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, भावाला चहा द्या आणि लॅपटॉपपासून जरा लांब बसवा. तुमच्या दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्यात, त्या सोडवून बघू.

वायर असताना वायफाय बंद राहतं, हा बिघाड नाही. विंडोजमध्ये तशी सोयच आहे आणि तिचा सर्वांत कडक पर्याय लावला की माणसाने हाताने जोडायचं म्हटलं तरी वायफाय जोडलं जात नाही. काही लॅपटॉपांत हेच काम बायॉस करतो. कारण साधं आहे : दोन्ही चालू असले की लॅपटॉपचे दोन डगरींवर पाय. एक पाय कंपनीच्या जाळ्यात आणि दुसरा कुणाच्या ते देव जाणे.

ही धास्ती कुठून आली ते सांगतो. मी भोसरीत एका कारखान्याची नेटवर्कं सांभाळायचो. विंडोज एक्सपीचे दिवस. तेव्हा बरेच राउटर खोक्यातून काढले की बिनपासवर्डचे सुरू व्हायचे. एका दुपारी समोरच्या ट्रॅव्हल एजन्सीतला पोरगा वर आला आणि माझ्या हातात पाच कागद ठेवले. आमचं पगारपत्रक! हिशेबनिसांच्या लॅपटॉपला आमची वायर होती आणि वायफायने मुकाट समोरच्यांचं उघडं नेटवर्क धरलं होतं. एक्सपीला आजूबाजूचे शेअर केलेले प्रिंटर स्वतःहून यादीत घ्यायची खोड होती. हिशेबनिसांनी त्यातला पहिला निवडला. साहेबांचा पगार रस्त्यापलीकडे छापून निघाला. चूक माझी, वायफाय आपोआप जोडू नये ही खूण मीच केली नव्हती. पोरगा सरळ, म्हणून कागद परत आले. त्याच वाटेने कुणी आमच्या फायलींत डोकावलं असतं, तर आम्हाला पत्ताही लागला नसता.

म्हणून पॉलिसी राहू द्या. तसंही लॅपटॉप कंपनीचा आहे, बायॉसला हात लावलात तर नोकरीवर बेतेल.

आता मीटिंग तुटते त्याबद्दल. वायफाय मधूनच झळकतं म्हणजे तेवढ्या क्षणी लॅपटॉपला वाटतं, वायर निघाली. वायरीच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा खटका असतो, तो बघा. बसवताना 'टक्' आवाज यायला हवा. माझी पैज आहे, तुमचा तुटलाय, आणि टेबल हललं की वायर केसभर सरकते. वायर गेली, वायफाय आलं. वायर परत आली, वायफाय गेलं. आणि या ओढाताणीत व्हीपीएनचा जीव जातो. तपकीर गल्लीतून कॅट-सिक्सची तीन मीटरची तयार वायर आणा. एक मीटरची नको, ताणली की पुन्हा तेच. खटका शाबूत असेल तर दोष लॅपटॉपच्या किंवा डॉकच्या (लॅपटॉपला बाहेरून वायरी जोडायच्या डबीच्या) खाचेत. मग तो आयटीचा प्रांत. बाहेरून यूएसबीचं लॅन अडॅप्टर आणून परस्पर लावू नका.

आणखी एक गंमत, दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात त्या गुरुवारची. लाइट गेली, तुमचा राउटर छोट्या यूपीएसवर चालू, पण इमारतीतला इंटरनेटवाल्याचा डबा बंद. नेट नाही, तरी वायर मात्र 'जिवंत'! मग मोबाइलचा हॉटस्पॉट कितीही चालू करा, लॅपटॉप तो धरणार नाही. वायर उपसून काढा, मग जोडेल.

वायर नसेल तेव्हा घरचं वायफाय चालेल, फक्त राउटरमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असू द्या. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न घालता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद, आणि पासवर्ड म्हणून घरातल्या कुणाचा मोबाइल नंबर नको. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, राउटर बनवणाऱ्यांनी घालून दिलेला तोही बदला.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत बसायची वेळ आलीच, तर स्वतःचा हॉटस्पॉट बरा. कॅफेचं नाव लावून वायफाय कुणीही सुरू करू शकतो, आणि बिनपासवर्डचं जुनं नाव लॅपटॉपच्या यादीत असेल तर तो नाव बघून जोडून मोकळा होतो. आज रात्री सेटिंग्जमध्ये साठवलेल्या नेटवर्कांची यादी उघडा. मी परवा माझी उघडली, तर त्यात महाबळेश्वरचं एक हॉटेल निघालं, सहा वर्षांपूर्वीचं. 'फरगेट' दाबलं.