रेफरची जुनी फाइल आणि दुसऱ्याचं लॉगिन

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमध्ये तीन प्रश्न हॉस्पिटलच्या जुन्या रेकॉर्डचे निघाले, तिन्ही आपल्या ग्वाल्हेरचेच, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात घेते. मी स्वतः २१ वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलीत, आधी कापडी बस्त्यात बांधलेल्या फायली आणि मग कॉम्प्युटर, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तरं जरा लांबतील.

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांना २०१९ मध्ये इथल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलातून दिल्लीला रेफर केलं होतं, हार्टचं होतं. घर बदलताना तो रेफरचा कागद हरवला. आता परत त्रास सुरू झालाय आणि दिल्लीचे डॉक्टर म्हणतात की तेव्हा पाठवताना ईसीजी काय होता, कुठलं इंजेक्शन दिलं होतं ते आणा. इथे हॉस्पिटलात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला जुना डेटा आर्काइव्हमध्ये गेलाय, अर्ज करा, महिना तरी लागेल. मी बाहेर आले तर मागून आला आणि हळूच म्हणाला ५०० रुपये द्या, मोठ्या सरांचं लॉगिन माझ्याकडे आहे, नाइट ड्यूटीत काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो. हे म्हणतात देऊन टाक, काम होतंय ना. मला कसंतरीच वाटतंय. — एक सून, दौलतगंज, लष्कर

उत्तर : तुला कसंतरी वाटलं ते बरोबर वाटलं. पैसे देऊ नकोस, आणि ५०० रुपयांचा प्रश्न नाहीच हा. जो मुलगा तुझ्या सासऱ्यांची फाइल तुला ५०० मध्ये काढून देतो तो उद्या दुसऱ्या कुणालाही तेवढ्यातच काढून देईल, इन्शुरन्सच्या एजंटाला देईल, भाऊबंदकीत कोर्टात गेलेल्या पुतण्याला देईल. शिवाय तो फोटो आधी त्याच्या फोनमध्ये राहणार, तिथून त्याच्या गुगलच्या बॅकअपमध्ये जाणार, मग तुझ्याकडे, मग घरच्या ग्रुपवर, आणि एकदा असा सुटला की परत गोळा करता येत नाही. आणि दिल्लीचा डॉक्टर स्क्रीनच्या तिरक्या फोटोवर विश्वास तरी कसा ठेवेल? त्यावर ना शिक्का ना सही, वरची ओळ कापलेली असली तर कुणाचा ईसीजी आहे तेसुद्धा कळणार नाही.

आता आर्काइव्ह म्हणजे काय ते समजून घे, कारण काउंटरवर हा शब्द असा फेकतात की माणसाला वाटतं संपलं सगळं. संपलेलं काही नसतं. रोजच्या कामाचा सर्व्हर भरून जड होऊ नये म्हणून जुन्या वर्षांचा डेटा उचलून वेगळ्या जागी ठेवतात, असा की वाचता येतो पण त्यात कुणाला काही बदलता येत नाही, आणि तो उघडायचा हक्क दोन-चार लोकांनाच दिलेला असतो. वाड्यातल्या माळ्यावरच्या ट्रंकेसारखं, सामान आहे, पण किल्ली सगळ्यांच्या कमरेला नाही. त्या मुलाकडे किल्ली नाही म्हणूनच तो सरांचं लॉगिन वापरणार होता, आणि कॉम्प्युटरच्या नोंदीत उमटलं असतं की मोठ्या सरांनी रात्री २ वाजता तुझ्या सासऱ्यांची फाइल उघडली. नोंदच खोटी पडली. कधी काही वाकडं झालं तर त्या नोंदीवरून खरं कुणालाच काढता येणार नाही.

सरळ रस्ता असा आहे. सासऱ्यांच्या सहीचा अर्ज लिही, हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागाच्या नावानं, कारण रेकॉर्ड त्यांचं आहे, तुझं नाही, सून असलीस तरी. ते जाऊ शकत नसतील तर माझ्या सुनेला कागद द्यावेत असं अधिकारपत्र, त्यांच्या आणि तुझ्या ओळखपत्राची कॉपी. अर्जात त्यांचं नाव तेव्हा जसं लिहिलं होतं तसं, वडिलांचं नाव, तेव्हाचं वय, भरतीची अंदाजे तारीख आणि तेव्हाचा मोबाइल नंबर, हा नंबर नक्की लिही, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पेशंट त्यावरूनच शोधतात आणि लोक नेमका आजचा नंबर देतात. हॉस्पिटलचा पेशंट आयडी जुन्या बिलावर, एक्स-रेच्या पाकिटावर किंवा इन्शुरन्सच्या क्लेममध्ये सापडेल, जरा कपाट उपस. आणि नुसतं ‘रेकॉर्ड द्या’ असं लिहू नकोस, रेफरल समरी, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, आणि निघण्याआधी कुठलं औषध किती वाजता दिलं ती नर्सिंगची नोंद असं एकेक नाव घेऊन माग. हार्टच्या पेशंटमध्ये त्या वेळेला फार महत्त्व असतं.

अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर आवकचा शिक्का घे, तारखेसकट. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, त्यात पेशंटनं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं असं लिहिलंय, तेव्हा ‘महिना लागेल’ हे ऐकून घेऊ नकोस. एक मात्र सांगून ठेवते, त्याच नियमांत भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं बंधन आहे, म्हणजे २०१९ चं नष्ट केलं असं ते कदाचित म्हणू शकले असते, पण तुला तर आर्काइव्हमध्ये आहे असं सांगितलंय ना, मग आहे ते त्यांनी द्यायचं. आणि एक जागा लोक विसरतात, दिल्लीला तेव्हा जिथे भरती केलं त्या हॉस्पिटलात इथला रेफरचा कागद त्यांच्या फायलीला लावलेला असू शकतो. तिथेही विचार.

कागद शिक्का मारलेला घे. ईमेलनं देणार असतील तर पासवर्ड लावलेली पीडीएफ मागायची आणि पासवर्ड फोनवर विचारायचा, त्याच मेलमध्ये नको. सायबर कॅफेत प्रिंट काढलीस तर तिथली डाउनलोड झालेली फाइल पुसून आणि मेल लॉगआउट करूनच उठ. पुढच्यासाठी सासऱ्यांचा आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढून ठेव, १४ आकडी असतो, त्यानं जोडलेल्या हॉस्पिटलमधले कागद आपल्या संमतीनं एका जागी दिसतात आणि दिलेली संमती मागेही घेता येते, पण २०१९ चे आपोआप त्यात येतील असं समजू नकोस.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी मुरारला एका नर्सिंग होममध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. भिंड, मुरैना, श्योपूरकडून आमच्याकडे पेशंट रेफर होऊन येतात आणि आम्ही पुढे रेफर करतो, त्यामुळे जुनी माहिती सारखी लागते. २०१६ पर्यंतचं सगळं एका जुन्या विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवर आहे, नवीन सॉफ्टवेअरमध्ये ते आलंच नाही. त्यावर सगळ्यांचं मिळून एकच लॉगिन, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. सर घरून मागतात तेव्हा मी रिमोटच्या ॲपनं त्यांना स्क्रीन उघडून देतो. मला भीती वाटते पण सर खर्च करायला तयार नाहीत. काय करता येईल?

उत्तर : दादा, तुम्ही विचारलंत हेच मला फार आवडलं, कारण बहुतेक जागी हा प्रश्न पडतच नाही, कॉम्प्युटर बंद पडेपर्यंत.

पहिलं काम आजच करा आणि त्याला एक पैसा लागत नाही, त्या जुन्या कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, म्हणजे त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं साध्या ग्राहकासाठी कुणी बुजवत नाही, आणि असं मशीन रिमोटच्या ॲपनं बाहेरच्यांना उघडून देणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून झोपणं. जुनी माहिती वाचायला इंटरनेट लागत नाही. त्यावरचं रिमोटचं ॲप काढून टाका, पेन ड्राइव्हसुद्धा कुणाचाही लावू देऊ नका.

मग कॉपी. डेटाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक त्या इमारतीच्या बाहेर. तुमच्याकडे मूळ कॉम्प्युटर आहेच, एक पासवर्डनं कुलूप लावलेली हार्ड डिस्क सरांच्या लॉकरमध्ये, आणि तिसरी प्रत कशी ठेवायची ते सॉफ्टवेअरवाल्याला विचारून ठरवा. पण कॉपी घेतली म्हणून निश्चिंत होऊ नका, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मी जिथे होते तिथे दर शुक्रवारी बॅकअप व्हायचा, रजिस्टरवर टिकमार्क पडायची, आणि ज्या दिवशी खरंच गरज लागली त्या दिवशी डिस्कवर नुसतं रिकामं फोल्डर निघालं. मधे कधीतरी डेटाची जागा बदलली होती आणि बॅकअप जुनीच जागा कॉपी करत बसला होता. दीड वर्षाचे रेफर गेले आमचे. अजून आठवलं की पोटात खड्डा पडतो, कारण त्यात असे पेशंट होते ज्यांच्याकडे दुसरा कागदच नव्हता. आणि हे छोट्यांचंच होतं असं नाही, २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि कितीतरी दिवस तिथलं काम हातानं कागदावर चाललं. सर खर्चाला नाही म्हणाले तर त्यांना हे सांगा, शिवाय आयटी कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत मेडिकल रेकॉर्ड संवेदनशील माहितीत धरलंय आणि डिजिटल डेटाचा वेगळा कायदा २०२३ मध्ये झालाय हेही सांगा.

लॉगिनचं. मॉनिटरवरची चिठ्ठी काढा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे यूजर बनवायची सोय असते बहुतेक, कुणी वापरलेली नसते इतकंच, शोधा. नसलीच तर त्या कॉम्प्युटरजवळ एक रजिस्टर ठेवा आणि दर वेळी लिहा, तारीख, वेळ, कुणाची फाइल, कुणी मागितली, कशासाठी, प्रिंट दिली का, सही. आठवडाभर लोक कुरकुर करतील. मग सवय होते.

सर घरून फोन करतात तेव्हा अख्खी फाइल कशाला पाठवायची? त्यांना बहुतेक एखादीच गोष्ट हवी असते, रक्त पातळ करायची गोळी चालू होती का, कशाची ॲलर्जी लिहिली होती का. ती फोनवर वाचून दाखवा, त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या आणि रजिस्टरवर नोंद करा. अनोळखी नंबरवरून ‘मी अमुक डॉक्टर बोलतोय’ असा फोन आला तर ठेवून द्या आणि त्या हॉस्पिटलच्या माहीत असलेल्या नंबरवर उलट फोन लावा. पण पेशंट समोर अत्यवस्थ असेल तर रजिस्टर-सही यात पाच मिनिटंही घालवायची नाहीत, आधी उघडा, डॉक्टरांच्या हातात द्या, आणि ड्यूटी संपायच्या आत कारण लिहून ठेवा. मोठ्या सिस्टिममध्येही अशी सोय मुद्दाम ठेवलेली असते, दार उघडतं पण नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी वरचा माणूस ती तपासतो.

आता जे कुणी सांगत नाही ते. चुकीच्या माणसानं फाइल बघण्याइतकंच वाईट म्हणजे योग्य माणसाच्या हातात चुकीची फाइल जाणं. आपल्या या भागात एका गावात एकाच नावाच्या चार बायका सापडतात. आमच्याकडे एकदा अशाच दोघी होत्या, नाव तेच, गाव तेच, आणि एकीचा जुना रेफर दुसरीच्या फायलीला लागला, रक्तगट वेगळा. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, वय आणि भरतीची तारीख यातल्या किमान तीन गोष्टी जुळल्याशिवाय प्रिंट देत नसे, समोरचा कितीही घाईत असो.

प्रश्न : काकू, मी एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात आहे. आत्याच्या मुलीला स्थळ आलंय, त्या मुलाला चार वर्षांपूर्वी आमच्याच हॉस्पिटलमधून बाहेर रेफर केलं होतं असं कुणीतरी तिला सांगितलं. आत्या म्हणते फक्त बघून सांग, प्रिंट नको, कुणाला कळणार? तिनं मला लहानपणी सांभाळलंय, नाही म्हणवत नाही.

उत्तर : नाही म्हण, बाळा. तुझं लॉगिन तुला पेशंटच्या उपचारासाठी दिलंय. त्या मुलानं कुठल्या दुखण्यासाठी डॉक्टरांसमोर अंगावरचे कपडे काढले असतील, काय काय खरं सांगितलं असेल, ते एका लग्नाच्या बैठकीसाठी सांगितलं नव्हतं. आणि ‘कुणाला कळणार’ म्हणशील तर नीट चालवलेल्या सिस्टिममध्ये नुसतं नाव शोधलं तरी नोंद राहते, प्रिंट काढायची गरज नसते. नोकरी जाईल ती तुझी. त्याहून मोठं म्हणजे अर्धवट वाचलेल्या एका रेफरवरून एका पोराचं लग्न मोडेल, आणि तो कदाचित साध्या अपेंडिक्ससाठी गेलेला असेल.

आत्याची काळजी खोटी नाही, मुलगी द्यायची म्हटल्यावर आईला विचारावंसं वाटणारच. मग समोरासमोर विचारायचं. दोन्ही घरांनी बसून मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी करून रिपोर्ट एकमेकांना दाखवायचे, आता कितीतरी घरांत करतात, त्यात कुणी अपमान मानत नाही. हे तू आत्याला फोनवर सांगू नकोस, फोनवर ते तोडून टाकल्यासारखं वाटेल. रविवारी तिच्या घरी जा, तिच्या हातचा चहा घे, आणि तिला सांग की उद्या तुझ्या मुलीची फाइल कुणी असंच मागितली तर मी त्यालाही नाहीच म्हणणार आहे.