कार्डावर थेट छापू नका: ठशांच्या नक्षीची पार्श्वभूमी

ताई, घरी शुभेच्छांची कार्डं करताना येणारी तुमची अडचण थोडक्यात अशी: नक्षीचा मोठा ठसा कागदावर दाबला की कडेला शाई गच्च आणि मधे कोरं राहतं, छोटा ठसा ओळीनं मारत गेलं की ओळी तिरक्या जातात, आणि एवढं करून वर 'आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) शुभेच्छा' लिहिलं की अक्षर नक्षीत हरवतं, शाईही फुटते. साहित्य म्हणजे ऑफिसात असतं ते जांभळं स्टॅम्प पॅड आणि ड्रॉइंगचा कागद.

सगळ्यात आधी सवय बदला. नक्षी कार्डावर छापू नका, वेगळ्या पातळ कागदावर छापा. पूर्ण ए-फोर कागद भरून काढा, वाळू द्या, मग त्यातला चांगला उतरलेला भाग कापून कार्डावर चिकटवा. कार्ड आधीच घडी घालून समोर असलं की हात आखडतो, प्रत्येक ठसा शेवटचा असल्यासारखा आपण जपून मारतो आणि नेमका तोच बिघडतो. सुट्या कागदावर एखादा ठसा धुरकट आला तर तो कापण्यात जातो किंवा वर लावलेल्या मजकुराच्या पट्टीखाली झाकला जातो. शिवाय ठसे कागदाच्या कडेबाहेर अर्धे जाऊ देता येतात. नक्षी कडेला तुटलेली दिसली की ती कापडासारखी पुढे चालू आहे असं वाटतं. कडेच्या आत जपून बसवलेले पूर्ण ठसे मोजून ठेवल्यासारखे दिसतात.

मापं सांगते. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. तो आडवा मधोमध कापला आणि प्रत्येक अर्ध्याची घडी घातली की साधारण १०५ बाय १४८ची दोन कार्डं होतात. त्यावर चिकटवायचा नक्षीचा तुकडा ९५ बाय १३८चा घेतला तर चारही बाजूंनी ५ मिलिमीटर कोरी चौकट राहते, आणि एका नक्षीच्या ए-फोरमधून असे चार तुकडे निघतात. कडेच्या उरलेल्या पट्ट्या टाकू नका, पाकिटाच्या झाकणावर किंवा कार्डाच्या आत लावायला होतात. पण माझं ऐकाल तर आधी पाकिटं आणा आणि त्यावरून कार्डाचं माप ठरवा. आपल्याकडच्या लग्नपत्रिकांच्या दुकानांत पाकिटं मिळतात ती पत्रिकांच्या मापाची, आपल्या कार्डाच्या मापाची असतीलच असं नाही. सगळी कार्डं करून मग पाकीट शोधत फिरणं हा नुसता डोक्याला ताप.

घडीसाठी कागद २५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा पुरतो. नक्षीसाठी १०० ते १२०चा, पृष्ठभाग गुळगुळीत पण चकचकीत नाही असा. ड्रॉइंगच्या कागदाला दाणा असतो, त्याच्या खाचांत ठशाचं रबर पोचत नाही म्हणून तुमची नक्षी ठिपक्याठिपक्यांची येते. त्यात ठशाचा दोष नाही. घडी घालण्याआधी रिफिल संपलेल्या बॉलपेननं पट्टीच्या आधारे रेघ दाबून घ्या. कागद हातात हलकेच वाकवून पाहिला तर एका बाजूनं सहज वाकतो आणि दुसऱ्या बाजूनं अडतो. जिथं सहज वाकतो तिथंच घडी येईल असा कापला तर घडीवर तंतू फुटत नाहीत.

हातकागद वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलचं नाव जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये हातकागदासाठी आलेलं आहे. जाडाभरडा देशी कागद तिथं बनायचा आणि त्यासाठी गाव प्रसिद्ध होतं. त्यामुळे खानदेशात बसून हातकागद वापरावा असं मनात येणं साहजिक आहे, मलाही येतं. तरी सांगते, बारीक रेघांचा ठसा त्यावर मारू नका. चिंध्यांपासून केलेला, खळ कमी असलेला कागद शाई ओढून घेतो आणि रेघ पसरते. केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, धाग्यांचा कागद मिळाला तर त्याचे लांब तंतू वर दिसतात, त्यावर तर बारीक नक्षी उमटतच नाही. हे दोन्ही कागद खालचं कार्ड म्हणून वापरा, नक्षीचा गुळगुळीत तुकडा वर चिकटवा. जाड आकाराचे ठसे मात्र, कपाशीचं बोंड किंवा केळीचं पान, हातकागदावर झकास उतरतात. शाई थोडी फुटली तरी त्यात शोभून जाते.

आता शाई. निम्मी कार्डं इथंच बिघडतात.

ऑफिसच्या पॅडची शाई पावतीवर शिक्का मारण्यासाठी असते. ती रंगद्रावणाची असते, कागदात मुरते, आणि तो जांभळा रंग उजेडात फिका पडतो. वरून पाण्याचा किंवा ओल्या डिंकाचा हात लागला की पसरतो. हस्तकलेच्या दुकानात दोन जातींची पॅडं मिळतात, डाय आणि पिगमेंट. डाय शाई कागदात शिरते, लवकर सुकते, बारीक रेघांना चांगली, पण बहुतेक डाय शाया पाण्यानं फुटतात. पिगमेंट शाईत रंगाचे कण कागदावर बसून राहतात. रंग दाट येतो, गडद कागदावरही दिसतो, उजेडात टिकतो, पण सुकायला वेळ घेते आणि चकचकीत कागदावर नीट सुकतच नाही, दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. पार्श्वभूमीसाठी मी डाय शाईच घ्या म्हणेन आणि रंग फिका: बदामी, राखाडी, फिका मोरपंखी, फिका गुलाबी. कागद बदामी असेल तर त्याहून एकच छटा गडद शाई. अशी नक्षी हातभर अंतरावरून जेमतेम जाणवते आणि मजकुराला जागा देते. पार्श्वभूमी मागेच राहिली पाहिजे, हे बाजारातली छापील कार्डं बघून आपण विसरतो.

फिकं पॅड नसेल तर एक सोपा उपाय आहे. ठसा शाईत बुडवलात की आधी रद्दी कागदावर मारा आणि उरलेल्या शाईनं दुसरा ठसा आपल्या कागदावर मारा. रंग निम्म्यावर येतो. पहिला आणि दुसरा ठसा आलटून पालटून एकाच कागदावर मारले तर एकाच पॅडमधून दोन छटा मिळतात, काही फुलं जवळ आणि काही लांब असल्यासारखी दिसतात.

मोठ्या ठशाचं कोडं असं सुटतं: ठसा कागदावर नेऊ नका, कागद ठशावर आणा. तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा ठसा वरून दाबला की आपलं वजन मुठीखाली एका जागी पडतं, ठसा किंचित डुलतो, कडा दोनदा टेकतात. म्हणून ठसा टेबलावर रबर वर करून ठेवा. पॅड हातात घेऊन त्यावर थापट्या मारत शाई लावा, घासू नका, घासलं की खाचांत शाई भरते. तिरक्या उजेडात बघून घ्या, कोरडी जागा लगेच कळते. मग कागद वरून एका दमात सोडा आणि तो टेकल्यावर हलवू नका. वर साधा कागद ठेवून मऊ फडक्याच्या बोळ्यानं मधून कडेकडे दाबत जा. एक कोपरा धरून कागद उचला. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास असताना डाय शाई कागद ठेवेपर्यंत ठशावरच सुकते, तेव्हा हे काम सकाळी लवकर करा आणि पंखा बंद ठेवा. घाम येईल, पण नक्षी येईल.

छोट्या ठशाच्या ओळी वाकड्या जातात कारण तुम्ही एकाखाली एक, एकाशेजारी एक असे सरळ रकाने मारताय. अशा मांडणीत एक मिलिमीटरची चूकसुद्धा डोळ्याला खुपते. विटांच्या भिंतीसारखं मांडा: दुसरी ओळ अर्ध्या ठशानं सरकवून सुरू करा, तिसरी पुन्हा पहिलीसारखी. साडीच्या बुट्ट्या बहुतेक अशाच असतात. पुसट पेन्सिलीनं आडव्या रेघा आखा आणि ओळीत एकाआड एक ठसा मारत जा, मग मधल्या जागा भरा, म्हणजे चूक एका टोकाला साचत नाही. शाई पूर्ण सुकल्यावरच पेन्सिल खोडा.

ओळी नकोच असतील, विखुरलेली नक्षी हवी असेल, तर सगळ्यात मोठ्या ठशापासून सुरुवात करा. तीन ठसे त्रिकोणात मारा, चौथा असा की आधीच्या दोघांशी पुन्हा त्रिकोण होईल. प्रत्येक वेळी ठसा थोडा फिरवा. मोठे झाले की मध्यम, शेवटी उरलेल्या फटींत ठिपका किंवा छोटं पान. बहुतेक जण उलटं करतात, छोट्या ठशांनी जागा खाऊन टाकतात.

आणि अजिंठा. जळगावहून ६० किलोमीटरच्या आसपास, सहलीला आपण सगळेच गेलेलो असतो, पण भिंतीवरचा पद्मपाणी बघून बाहेर पडतो. पुढच्या वेळी पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात मान वर करून छत बघा. छताचे चौकोन पाडलेत, चौकोनाचौकोनांत वेगवेगळी फुलं, फळं, पक्षी, प्राणी, तरी सगळं मिळून एकच नक्षी वाटते, कारण चौकट आणि रंग सगळीकडे एकाच मेळातले आहेत. कार्डासाठी हीच युक्ती घ्या: दोन सेंटिमीटरच्या चौकोनांची जाळी पुसट आखा, आलटून पालटून तीन वेगळे ठसे, शाई मात्र एकच. वेगवेगळ्या संचांतले, एकमेकांशी न जुळणारे ठसे असतील तर यासारखा दुसरा उपाय नाही.

ठसे विकत घेण्याआधी घरी कोरून बघा. मोठं पांढरं खोडरबर आणि इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पात्याचा लिनो कटर (कोरायचं छोटं हत्यार) एवढं पुरतं. ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीनं चित्र काढा, उलटं ठेवून नखानं घासा, चित्र रबरावर आपोआप उलटं उतरतं आणि छापताना सुलटं येतं. कोरताना रेघेच्या बाजूला उतार ठेवा. आतून पोखरली तर ती दोनचार ठशांत मोडते. पहिला ठसा म्हणून माझी शिफारस फुलाची नाही. चौरस खोडरबर घ्या आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांभोवती पाव वर्तुळाचा एकेक जाड पट्टा ठेवून बाकीचं काढून टाका. प्रत्येक पट्ट्याची दोन्ही टोकं कडेच्या बरोबर मध्यावर येऊ द्या. असा ठसा चार वेळा फिरवून जोडला की वर्तुळ होतं, आलटून पालटून जोडला की नागमोडी लाट, कसाही फिरवत गेलं तरी रेघा एकमेकींना मिळतात. एका खोडरबरात पाच-सहा नक्ष्या निघतात आणि त्यातली एकही बाजारात मिळत नाही. ही खोडरबरं प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू नका, काही दिवसांत डबीला चिकटून वितळल्यासारखी होतात. कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा.

मुलं सोबत बसणार असतील तर शाळेतलं ठसेकाम आठवा. भेंडीच्या देठाकडचा तुकडा आडवा कापला की बहुधा पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. कापून फडक्यावर थोडा वेळ उलटा ठेवा, चिकट रस निघून गेल्यावरच रंग लावा. इथं पॅडऐवजी दाट पोस्टर कलर स्पंजवर घेतलेला बरा.

आपल्या तालुक्याच्या गावी रबरी शिक्के बनवून देणारं एखादं तरी दुकान असतंच, त्यांच्याकडून स्वतःच्या चित्राचा ठसाही होतो. दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, आत शाई भरलेला शिक्का नको, मुठीचा साधा रबरी हवा. आतल्या शाईचा शिक्का एकाच रंगाला बांधला जातो. दुसरी, चित्र काळ्या पेनानं, करड्या छटा न देता, रेघ अर्धा मिलिमीटर तरी जाड ठेवून काढा. उलटं करण्याचं काम त्यांचं, तुम्ही सुलटंच द्या.

मजकुराचं. नक्षीवर लिहू नका. कोऱ्या कागदाची पट्टी कापून तिच्यावर लिहा किंवा छापा, मग ती नक्षीवर चिकटवा. तुमची शाई फुटत होती ती दोन कारणांनी: खालची ठशाची शाई पाण्यानं विरघळणारी आणि वर लिहायला जेल पेन. पट्टी वेगळी केली की दोघींची गाठच पडत नाही. चिकटवायला पातळ डिंक किंवा पांढरा गोंद घेऊ नका, पाण्यानं कागद फुगतो आणि खालची नक्षी ओघळते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घ्या, नाहीतर ग्लू स्टिक. पट्टीची जागाही मधोमधच असायला हवी असं नाही, खालच्या तिसऱ्या भागात ठेवली तर वरची नक्षी मोकळी राहते.

कुणीतरी तुम्हाला उठावाची पावडर (ओल्या ठशावर टाकून वितळवली की नक्षी उंच, चमकदार होते ती) हेअर ड्रायरनं वितळवा असं सुचवलंय. तसं होत नाही. ड्रायरचा वारा पावडर उडवतो आणि तेवढी उष्णता देत नाही. हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) नसेल तर तापलेल्या इस्त्रीच्या थोडं वर, पावडर वरच्या बाजूला ठेवून कागद धरा, खालून उष्णता लागली की पावडर चमकू लागते. बोटं जपा. त्यासाठी पिगमेंट शाईच हवी, डाय शाई पावडर टाकेपर्यंत सुकलेली असते.

काम झाल्यावर ठसे ओल्या फडक्यानं टिपा, गरज पडली तर सौम्य साबणाचं पाणी. पाण्यात बुडवून ठेवू नका, लाकडाला लावलेलं रबर सुटतं. थिनर, पेट्रोल काही नको. ठसे खिडकीत राहू देऊ नका, उन्हानं रबर कडक होऊन तडकतं. पॅडं उन्हाळ्यात घट्ट बंद करून पालथी ठेवा, म्हणजे शाई वरच्या थरात राहते. कानबाईच्या दिवसांत, श्रावणाच्या दमटपणात, छापलेले कागद एकावर एक रचू नका, रात्रभर दोरीवर चिमट्यानं लटकवा.

पोस्टानं पाठवणार असाल तर वजनाकडे लक्ष द्या. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. वर सांगितलेलं कार्ड, नक्षीचा तुकडा, मजकुराची पट्टी आणि पाकीट मिळून १५ ग्रॅमच्या आसपास जातं. मणी, आरसे, जाड फोमचे तुकडे लावले की ते वर सरकतं, शिवाय पाकिटावर शिक्का पडताना फुगीर भागाखालची नक्षी चिरडते. सजावट करायचीच असेल तर कार्ड हातानं देणार त्यांच्यासाठी ठेवा. पोस्टाची कार्डं सपाटच बरी.