लोकधारा करायला शिकलेले डान्सरच लागतात का?

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या करी रोडच्या चाळीत गणपतीत पोरांचा डान्स दरवर्षी असतो पण सगळा रेकॉर्ड डान्स. यंदा म्हटलं शाहीर साबळेंच्या लोकधारेसारखं काहीतरी बसवू, तर कमिटीवाले म्हणतात त्याला शिकलेले लोक लागतात, आणि शाहीर गेले तेव्हाच ते सगळं संपलं. खरंय का हे?

उत्तर : संपलं असं नका हो म्हणू, मला खरंच वाईट वाटलं वाचून. शाहीर २०१५ ला गेले, पण त्यांनी जे केलं ते तुमच्याच भागात अजून शिल्लक आहे. वाईजवळच्या पसरणीचा हा माणूस, जन्म १९२३ चा. गोंधळ देवीपुढे व्हायचा, वाघ्या-मुरळी खंडोबाच्या जागरणात, कोळीनाच कोळीवाड्यात, म्हणजे ज्याचं त्याच्या दारात. शाहिरांनी हे सगळं 'महाराष्ट्राची लोकधारा'मध्ये एका स्टेजवर आणलं आणि तिकीट काढून बघायला लावलं. १९९८ ला पद्मश्री मिळाली, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी नाचायला घेतलेली पोरं. भरत जाधव, अंकुश चौधरी आज स्टार आहेत, पण सुरुवात तिथूनच, लालबाग-परळची साधी पोरं होती ती, कुठल्या नृत्यशाळेतून आलेली नव्हती. हे कमिटीला नक्की सांगा.

आता तुमचं बघू. करी रोडला राहता म्हणजे चाळीत कोकणातली घरं असणारच, आणि त्यात एखादे तरी आजोबा असतील जे गणपतीत गावी बाल्या डान्स, म्हणजे जाखडी नाचलेत. त्यांना गाठा. मृदंगवाला आणि गाणारा मधे बसतात, बाकीचे पायात चाळ, म्हणजे घुंगरू बांधून भोवती गोल फिरतात, पाऊल सोपं वाटतं पण लय वाढली की दम निघतो, म्हणून तालीम महिनाभर आधी लावा आणि मोबाईलवर बघून शिकू नका, आजोबांसमोर उभे राहून शिका, कारण कुठे वाकायचं आणि कुठे ठेका धरायचा हे समोर बघूनच कळतं. मृदंग जमला तर खराखुरा आणा, गाणं ट्रॅकवर नको.

आणि बायकांना बाजूला ठेवू नका बरं, मंगळागौरीचे खेळ चाळीतल्या काकूंना तोंडपाठ असतात, झिम्मा, फुगडी, पिंगा सगळं, त्यांना फक्त विचारायला जा. कमिटीची परवानगी नंतर मागा, आधी आजोबांना.