उंटाचा बळी दिला, की उंटाचे बलिदान केले?

बुद्धिबळात किल्लेकोट करून (म्हणजे हत्तीच्या आडोशाला सुरक्षित जाऊन) बसलेल्या राजावर हल्ला चढवण्यासाठी खेळाडू आपला उंट मुद्दाम मारू देतो, तेव्हा ‘उंटाचे बलिदान केले’ असे लिहावे की ‘उंटाचा बळी दिला’ असे, आणि ‘बळी घेतला’ म्हटलेले चालेल का, अशी पृच्छा आहे.

व्युत्पत्ती पाहिली तर पहिल्या दोहोंत भेद नाही. संस्कृत ‘बलि’ म्हणजे अर्पण केलेला भाग, उपहार, कर. त्याचे दान ते बलिदान, आणि त्याच शब्दाचे मराठी रूप बळी. श्राद्धातल्या काकबळीत कोणाचाही जीव जात नाही, कावळ्यासाठी घास तेवढा बाहेर ठेवतात; म्हणजे मुळात हा शब्द हत्येचा नव्हे, अर्पणाचा आहे. (‘बुद्धिबळ’मधले बळ मात्र ‘बल’ या निराळ्या शब्दाचे.)

रूढीने पुढे दोघांना वेगवेगळ्या वाटांना लावले. बलिदान माणूस बहुधा स्वतःचे, स्वतःच्या प्राणांचे करतो; बळी दुसऱ्याचा दिला जातो. पटावर निर्णय उंटाचा नसतो, खेळाडूचा असतो, म्हणून मला ‘बळी देणे’ हेच नेमके वाटते.

‘बळी घेणे’ मात्र येथे सर्वस्वी चुकीचे आहे, कारण त्याने कर्ताच बदलतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज बळी घेतो, तो प्रतिपक्षाचा. 1889 साली ॲमस्टरडॅम येथे पुढे जगज्जेता झालेल्या एमानुएल लास्करने बाउअर या खेळाडूविरुद्ध पंधराव्या खेळीत पटावरच्या एच-7 या घरातले प्यादे उंटाने मारून शह दिला, बाउअरच्या राजाने तो उंट मारला, आणि सतराव्या खेळीत जी-7 वर दुसऱ्या उंटाचीही तीच गत झाली. येथे ‘लास्करने दोन उंटांचे बळी घेतले’ असे लिहिले, तर ज्याने उंट गमावले त्यानेच ते मारल्याचा अर्थ निघेल.

याच डावात लास्करने पुढे हत्तीच्या मोबदल्यात वजीर मिळवला आणि बाविसाव्या खेळीत वजिराने एकाच वेळी बाउअरच्या दोन उंटांवर रोख धरून दिलेल्याची भरपाई केली. अशी भरपाई आधीच हिशेबात बसत असेल, तर बुद्धिबळातल्या बळींवर पुस्तक लिहिणारा ऑस्ट्रियन खेळाडू रुडॉल्फ श्पीलमान त्याला खरा त्याग मानत नसे. त्यासाठी ‘आभासी बळी’ असे सहज म्हणता येते. ‘आभासी बलिदान’ मात्र कानाला खटकते, कारण दिलेले परत घेण्याची कल्पनाच बलिदानात बसत नाही.